वहीतल्या खुणा आणि प्रभूचं मेज: एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच ख्रिस्ती मंडळीतलं आहे. त्या काळात जे चार वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे, होते त्यांतला मी एक. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांतल्या तिघांना हे आधी वाचायला दिलं आणि त्यांच्या होकारानंतरच पुढे ठेवतो आहे. इतर मंडळ्यांत हेच वेगळ्या रूपात घडताना मी पाहतो, म्हणून लिहिणं भाग आहे.

पार्श्वभूमी

मंडळी साठेक माणसांची. त्या सुमाराला सगळीकडे मरगळ होती. प्रार्थनासभेला चार-पाच जण यायचे, वचन, म्हणजे बायबल, वाचायचं ते रविवारी, आणि महिन्यातून एकदा होणारं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एका मेजाशी भाकर आणि प्याला घेणं, तेही उरकून टाकल्यासारखं व्हायचं. आम्हा वडिलांना त्याची खरोखर बोचणी होती.

चौघांतले सर्वांत तरुण वडील एक सूचना घेऊन आले. हे भाऊ दारूतून बाहेर आलेले. सुटले ते कृपेनेच, असं ते स्वतः सांगतात, पण ती सुटका दिवसेंदिवस टिकली ती कडक दिनक्रमामुळे. पहाटे उठणं, गुडघ्यावर जाणं, वचन वाचणं, कुणाला तरी हिशेब देणं. आपल्याला ज्याने वाचवलं ते सगळ्यांना मिळावं, ही त्यांची तळमळ होती. इथे कुणी सत्तेसाठी नियम लादला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

सूचना साधी होती. एक करारपत्र आणि त्यात चार गोष्टी: पहाटेची सामूहिक प्रार्थना, रोजचं वचनवाचन, आठवड्यातून एक उपास आणि दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणं. एका रविवारी सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. दाराजवळच्या टेबलावर एक लांबट वही आली. डावीकडे नावं, पुढे चार रकाने, दोरीला बांधलेली पेन्सिल. ज्याने त्याने आपल्या नावापुढे बरोबरची खूण करायची.

पहिले तीन महिने फळ दिसलं, ते नाकारणार नाही. पहाटेच्या प्रार्थनेला वीस-बावीस माणसं येऊ लागली. दोन घरांतले जुने तंटे मिटले.

पहिलं वळण: वीस मिनिटांची बैठक

चौथ्या महिन्यात प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आमची बैठक झाली. एकाने विचारलं, करार केला आणि पाळला नाही, अशा माणसाने मेजाशी यावं का? दुसऱ्याने लगेच बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11वा अध्याय काढला: जो अयोग्य प्रकारे भाकर खाईल तो दोषी ठरेल, म्हणून प्रत्येकाने आपली परीक्षा करावी. ठरलं की ज्याचे महिन्यातले तीन आठवडे भरले नाहीत त्याने त्या महिन्यात थांबावं. बंदी असा शब्द कुणी वापरला नाही. ‘विनंती’ म्हणालो.

वीस मिनिटांत निर्णय झाला. या नियमाने उद्या नेमकं कोण बाहेर राहील, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही सुचला नाही. वही हाताशी होती. उघडून पाहिली असती तर नाव समोरच होतं.

अडचण

त्या बहिणीला इथे ताई म्हणू. रुग्णालयात परिचारिका, महिन्यातले बहुतेक दिवस रात्रपाळी. विश्वासात येऊन दोनच वर्षं झालेली. पहाटेची प्रार्थना सुरू व्हायची तेव्हा ती रुग्णांचे तापमान नोंदवत असायची. उपाशी पोटी पाळी करताना एकदा चक्कर आली, तेव्हापासून उपास बंद. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं, त्यामुळे दशमांशही जमेना. उरलं वचनवाचन. ते ती बसमध्ये करायची.

ताईने तक्रार केली नाही, वाद घातला नाही. रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाचं गीत सुरू झालं की हळूच उठून जायची. पाळी असेल, असं आम्ही समजलो. असे चार महिने गेले.

लक्षात आलं ते एका आजींच्या. या आजी चाळीस वर्षांपासून दर शुक्रवारी उपास करतात. एका रविवारी त्या ताईच्या मागोमाग बाहेर गेल्या आणि विचारलं, “बाळा, मेजाच्या आधीच का उठतेस?” ताई म्हणाली, “माझ्या खुणा भरत नाहीत, आजी.”

आजींनी हे पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगितलं. त्या संध्याकाळी पाळक आणि मी ती वही घेऊन बसलो. ताईच्या नावापुढच्या रकान्यांत काहीच नव्हतं, पण कागद थोडा खरखरीत लागत होता. दिव्यासमोर तिरका धरला तेव्हा खोडलेली अक्षरं दिसली. पहिल्या आठवड्यांत तिने प्रत्येक रिकाम्या रकान्यात बारीक अक्षरात ‘रात्रपाळी’ असं लिहिलं होतं. नंतर खोडरबराने सगळं पुसून टाकलं होतं. कारण द्यायचीही तिला लाज वाटली असावी. माझ्या डोळ्यांसमोरून ते पान अजून जात नाही.

त्याच आठवड्यात एक भाऊ पाळकांकडे रडत आले. त्यांचे चारही रकाने सहा महिने पूर्ण भरलेले. ते म्हणाले, यातल्या निम्म्या खुणा खोट्या आहेत. पहाटे जाग आली नाही तरी खूण करत गेलो, कारण बायकोमुलांसमोर मेजावाचून बसणं जमलं नसतं. म्हणजे एकाच वहीने एका खऱ्या माणसाला बाहेर घालवलं होतं आणि दुसऱ्याला आत बसवून खोटं बोलायला शिकवलं होतं.

वचनात काय सापडलं

आम्ही तीन आठवडे निर्णय थांबवला आणि फक्त वाचलं. हा थांबा घेतला, ही या प्रकरणातली आमची एक बरी गोष्ट.

सुरुवात ज्या अध्यायाचा आधार घेतला होता तिथूनच केली. ‘अयोग्य प्रकारे’ हे पौल खाणाऱ्याच्या पात्रतेबद्दल बोलत नाही. मूळ ग्रीकमध्ये ते क्रियाविशेषण आहे, म्हणजे खाण्याची रीत अयोग्य. ती रीत कोणती, हे वरच्याच वचनांत आहे: करिंथात ज्यांच्याजवळ होतं ते आधी येऊन जेवून घ्यायचे, एक भुकेला राहायचा तर दुसरा पिऊन मस्त व्हायचा, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हतं ते लाजायचे. पौल विचारतो, देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय? आणि शेवटी उपाय सांगतो तो 33व्या वचनात: एकत्र जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. ‘आपली परीक्षा करा’ हे आम्ही दर महिन्याला मोठ्याने वाचत होतो, ‘एकमेकांसाठी थांबा’ तिथपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. जिच्यासाठी थांबायला हवं होतं तीच उठून जात होती. आपली परीक्षा आपण करायची असताना आम्ही शेजाऱ्याची करत होतो, तीही पेन्सिलीने.

मग गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली तेव्हा सुंतावाल्यांच्या, म्हणजे विदेश्यांनीही सुंता करावी म्हणणाऱ्यांच्या, भीतीने तो मागे सरला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्या ओघात वाहून गेला. पेत्राने शिकवण बदलली नव्हती, फक्त तो कुणाशेजारी बसतो ते बदललं होतं. तरी पौलाने सर्वांसमोर त्याला सांगितलं की हे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालणं नव्हे. आमच्या विश्वासाच्या कबुलीत ‘कृपेनेच तारण’ हे वाक्य पहिल्या पानावर आहे. आम्हीही शिकवण बदलली नव्हती.

प्रेषितांची कृत्ये 15 मधली यरुशलेमची सभा साधारण इ.स. 49 मधली. विदेशी विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचं नियमशास्त्र पाळावं का, हा प्रश्न उभा केला तो परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या, पंथातून आलेल्या विश्वासणाऱ्यांनी, आणि ती माणसं मनापासून देवाला भिणारी होती. त्यांना पेत्र म्हणतो, जे जू आपल्या पूर्वजांना किंवा आपल्याला वाहता आलं नाही ते शिष्यांच्या मानेवर घालून देवाची परीक्षा का पाहता? हे वाचताना आमचे तरुण वडील बराच वेळ गप्प होते.

उपासाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना नवीन होती. मोशेच्या नियमशास्त्राने सगळ्यांसाठी वर्षातून एकच उपास नेमला, प्रायश्चित्ताच्या दिवशी ‘जिवास दंडन’ करण्याचा. येशूच्या दृष्टान्तातला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, म्हणजे नेमलेल्याहून कितीतरी जास्त. पुढे ‘दिदाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणपुस्तिकेत ढोंग्यांसारखा सोमवारी-गुरुवारी उपास करू नका, बुधवारी-शुक्रवारी करा, असं सांगितलेलं आढळतं. ढोंग टाळायचं होतं, पण हाती आलं ते नवं वेळापत्रक. माणसाचं मन किती लवकर पुन्हा रकाने आखायला बसतं, हे त्यातून कळलं. आम्ही तर आठवड्यातून एक उपास सक्तीचा करून मोशेच्याही पुढे गेलो होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांना सोपा वाटला: पाळीत काम करणाऱ्यांना, आजाऱ्यांना सूट द्यायची. मलाही तोच पटला होता. पाळकांनी एकच प्रश्न विचारला, “सूट देणारे आपण कोण?” सूट म्हटलं की दार नियमाचंच राहतं, ताई आत येते ती आमच्या मेहरबानीने. प्रभूचं मेज प्रभूचं राहत नाही.

दुसरा पर्याय: करार ठेवायचा, पण मेजाशी असलेला संबंध तोडायचा. तिसरा: करार आणि वही दोन्ही बंद. चौथाही एकाने मांडला, की गाजावाजा न करता ताईला एकटीला सांगावं, ‘तू ये, कुणी काही म्हणणार नाही’. तो आम्ही फेटाळला, कारण ज्या भावाने खोट्या खुणा केल्या त्याचं काय? आणि ज्यांच्या मनातलं आम्हाला कळलंच नाही त्यांचं?

तरुण वडिलांनी दुसऱ्या पर्यायासाठी एक चांगला मुद्दा मांडला. पौलाने आपल्या सोबत्यांपैकी तीताची सुंता होऊ दिली नाही, आणि तीमथ्याची मात्र स्वतः केली. कृती एकच, मग एकदा नकार आणि एकदा होकार का? तीताच्या वेळी ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. तीमथ्याच्या वेळी त्या भागातल्या यहूद्यांमध्ये सेवेची वाट मोकळी व्हावी म्हणून त्याने ती केली. म्हणजे शिस्त स्वतः वाईट नाही, ती कशाची अट झाली हे पाहायचं. हे त्यांनीच सांगितलं, ज्यांची ती वही होती. या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुणावला.

काय केलं

दुसरा आणि तिसरा यांच्या मधलं ठरलं. मेजासाठी ख्रिस्तावरचा विश्वास आणि पश्चात्तापी मन याशिवाय कुठलीही अट नाही. वही बंद. ज्याला पहाटेची प्रार्थना, उपास, दशमांश चालू ठेवायचा आहे त्याने आनंदाने ठेवावा, त्याची नोंद कुणी घेणार नाही. पाळकांनी रविवारी हे जाहीर केलं आणि चौघा वडिलांच्या वतीने क्षमाही मागितली.

इथवर ठीक होतं. पुढच्या दहा मिनिटांत आमची दुसरी चूक झाली. तरुणांचं नेतृत्व करणारा एक मुलगा आनंदाच्या भरात पुढे आला, वहीची पानं फाडली आणि म्हणाला, “आजपासून उपास-बिपास संपलं, आपण स्वतंत्र आहोत!” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तिसऱ्या रांगेत आजी बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरचं पवित्र शास्त्र मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि खाली बघत राहिल्या.

ज्या बाईने ताईचं दुःख सर्वांत आधी पाहिलं तिच्या चाळीस वर्षांच्या शुक्रवारांना आम्ही टाळ्या वाजवून हसलो होतो. त्यांचा उपास कुठल्याही वहीतून आलेला नव्हता. मुलगा घर सोडून गेला तेव्हापासून त्या त्याच्यासाठी शुक्रवारी देवापुढे बसतात. हे आम्हाला नंतर कळलं.

1522 च्या मार्च महिन्यात जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये असंच काहीसं झालं होतं. धर्मसुधारणेच्या जोशात जुने विधी घाईघाईने मोडले जात होते, दुबळ्या मनाची माणसं गोंधळली होती. त्या सुधारणेचा पुढारी मार्टिन लूथर ज्या किल्ल्यात लपून राहिला होता तिथून परत आला आणि लागोपाठ आठ दिवस आठ उपदेश दिले. विधींवर टीका करणारा तो स्वतःही होता, पण तिथे त्याने सांगितलं की विश्वासात बळजबरी नको, स्वातंत्र्याचीसुद्धा नको. प्रीती नसेल तर बरोबर असलेला माणूसही भावाला ठेचतो. रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात पौल दोन्ही बाजूंना बांधतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. आमची वही दुसरं पाप करत होती. ती फाडताना आम्ही पहिलं केलं.

त्याच संध्याकाळी पाळक आणि मी आजींकडे गेलो. त्यांनी राग धरला नव्हता. एवढंच म्हणाल्या, “मी कुणाला कर म्हटलं नाही, मग मला नको का म्हणता?” पुढच्या रविवारी पानं फाडणाऱ्या मुलाने सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागितली. पाळकांनी रोमकर 14 पूर्ण वाचून दाखवला, कुठलंही भाष्य न करता.

ताईच्या घरी आम्ही सर्वांत शेवटी गेलो. तिला सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “मग आता मी काय करायचं?” त्या प्रश्नात भीती होती. नियमाने तिला दुखावलं होतं, पण आपण कुठे कमी पडतो हे तरी तो सांगत होता. तो गेल्यावर हातात काहीच उरलं नाही असं तिला वाटलं. पाळक म्हणाले, “ताई, रात्री वॉर्डात कुणी घाबरलेलं असतं तेव्हा तू काय करतेस?” ती म्हणाली, “जवळ बसते. मनात प्रार्थना करते.” त्यावर पाळकांनी गलती 5:13 वाचलं: स्वातंत्र्यासाठी तुम्हाला बोलावलं आहे, ते देहाच्या लाडांसाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. ताई रडली. मीही.

काय झालं

पहिल्या प्रभुभोजनाला ताई आली नाही. दुसऱ्याला आली, शेवटच्याच बाकावर बसली आणि गीत संपेपर्यंत थांबली. भाकर तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, सगळे थांबले. आता शुक्रवारी दुपारी तिची झोप झाली की ती आजींकडे जाते. आजी उपाशी असतात, ताई जेवून आलेली असते, दोघी मिळून प्रार्थना करतात.

पहाटेची प्रार्थना वीसवरून सातावर आली. दानही काही महिने घटलं, मग हळूहळू सावरलं. खोट्या खुणा करणारे भाऊ त्या सातांत आहेत. तरुण वडिलांना हे सगळं फार जड गेलं. “नियम नसता तर मी मेलो असतो,” असं ते एकदा माझ्याजवळ बोलले, आणि ते खरं आहे. त्यांचा दिनक्रम आजही तसाच आहे. व्यसनाशी झगडणारे आणखी तीन भाऊ त्यांनी सोबत घेतले आहेत. ते एकमेकांना रोज हिशेब देतात, स्वतःहून, आणि मेजाशी त्याचा संबंध नाही.

एक कुटुंब मंडळी सोडून गेलं. त्यांचं म्हणणं, मंडळीत शिस्तच उरली नाही.

आज वेगळं काय करू

त्या कुटुंबाच्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला आम्ही नीट उत्तर दिलं नाही. मेजापासून कुणाला कधीच थांबवू नये, असं वचन म्हणत नाही. 1 करिंथ 5 मध्ये पौल उघड, पश्चात्तापहीन पापाबद्दल कठोर आहे, तशा माणसाबरोबर जेवूही नका म्हणतो. पण रिकामा रकाना पाप नाही, आणि रात्रपाळी तर नाहीच. हा फरक आम्ही त्याच रविवारी बोलून दाखवायला हवा होता. क्षमा मागण्याच्या घाईत तो राहून गेला, आणि ऐकणाऱ्यांतल्या काहींना कृपा म्हणजे ढिलाई असं वाटलं.

मेजाबद्दलचा कुठलाही निर्णय यापुढे आम्ही एका बैठकीत करत नाही. दुसऱ्या बैठकीआधी मंडळीची यादी घेऊन एकेक नाव वाचतो आणि हा निर्णय त्या माणसाला कसा लागेल ते बोलतो. याला वेळ लागतो. साठ नावांना दीड तास लागला होता.

वही बंद करताना ती फाडू देऊ नये. आजींना विचारून, त्यांच्या हातानेच मिटवली असती तर तो दिवस वेगळा गेला असता.

आणि भेटीचा क्रम. जिच्यामुळे हे सगळं उघडं पडलं तिच्याकडे आम्ही वाचून, ठरवून, जाहीर करून मग गेलो. तिला आधी भेटलो असतो तर ती किती घाबरली आहे हे कळलं असतं, आणि जाहीर करताना शब्द वेगळे निवडले असते. सोडून गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत तर ही चूक अजून चालूच आहे. त्यांना दोन निरोप पाठवले, पण त्यांच्या घरी हे लिहीपर्यंत आमच्यापैकी कुणीही गेलेलं नाही.